मांस आणि कातडें
ॲमेझॉनच्या अरण्यांतील शिकारीचा इतिहास



शिकार हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा दोन चित्रें उभीं राहतात. एक, हत्तीवरच्या हौद्यांत बंदूक घेऊन बसलेल्या संस्थानिकाचें. दुसरें, रात्रीच्या वेळीं दिव्याच्या झोतांत जनावराचे डोळे दिपवून गोळी घालणाऱ्या चोरट्याचें. एकाला हौस फेडावयाची असते, दुसऱ्याला पैसा करावयाचा असतो. या दोघांखेरीज एक तिसरा शिकारी आहे. त्याच्या चुलीवरचें मांस बाजारांतून येत नाहीं, रानांतून येतें. त्याच्याविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें आहे त्यांत त्याला एक तर अरण्याचा वैरी ठरविलें आहे, नाहीं तर अरण्याचा भोळा पुत्र. हीं दोन्ही मतें मला अपुरीं वाटतात. तीं कां अपुरीं, हें सांगण्यासाठीं आज मी आपणांस दक्षिण अमेरिकेंत, ॲमेझॉन नदीच्या वरच्या अंगास, पेरू देशाच्या लोरेतो प्रांतांत घेऊन जाणार आहे.

या प्रांताचें मुख्य शहर इकितोस. शहर मोठें आहे, परंतु देशाच्या इतर भागांतून तेथें जाणारी सडक नाहीं. जावयाचें तर बोटीनें किंवा विमानानें. मारान्योन आणि उकायाली या दोन नद्यांचा संगम इकितोसच्या वरच्या बाजूस होतो, आणि तेथून पुढें ॲमेझॉन हें नांव चालतें. वर्षांतून एकदां ही नदी आठ-दहा मीटर चढते आणि उतरते. चढली म्हणजे कांठचें अरण्य मैलच्या मैल पाण्यांत उभें राहतें. मासे झाडांच्या बुंध्यांमधून पांगतात आणि जाळ्यास लागेनासे होतात. उलट जनावरें पाण्याबाहेर राहिलेल्या उंचवट्यांवर गोळा होतात. म्हणून नदी उतरली कीं मासे, चढली कीं शिकार, आणि बारा महिने कसावाचे कंद व केळीं, असा तेथील जेवणाचा क्रम आहे. कसावा म्हणजे ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तोच कंद.

शिकारीचीं जनावरेंहि आपल्या ओळखीचीं नाहींत. पेकारी हा रानडुकरासारखा दिसणारा, कळपानें फिरणारा प्राणी. त्याच्या दोन जाति, एक गळ्याभोवतीं फिकट पट्टा असलेली, दुसरी पांढऱ्या ओठांची. टॅपिर हा त्या अरण्यांतला सर्वांत मोठा भूचर. अंग गुबगुबीत, आणि वरचा ओठ आखूड सोंडेसारखा पुढें आलेला. त्याखेरीज तांबूस रंगाचें लहान हरिण, पाका व अगूती हे सशाहून मोठे कुरतडणारे प्राणी, आणि झाडांवरचीं मोठीं वानरें.

आतां एक साधी गोष्ट ध्यानांत ठेवावी अशी माझी विनंती आहे. त्या उष्ण आणि दमट हवेंत मांस टिकत नाहीं. धुरावर धरलें किंवा मीठ लावलें तर कांहीं दिवस. एरवीं दुसऱ्या दिवशीं तें टाकावें लागतें. एक पेकारी मारली तर घरचीं माणसें खातात, शेजाऱ्यांना वाटा जातो, आणि त्या दिवशीं दुसरी मारण्यांत कांहीं अर्थ राहत नाहीं. शिकाऱ्याच्या हाताला आवर घालणारा हा पहिला नियम कोणत्याहि सरकारनें केलेला नाहीं. तो हवेनेंच केलेला आहे. परंतु अरण्यांत असाहि माल असतो, कीं जो कुजत नाहीं. त्याला हा नियम लागू पडत नाहीं, आणि गेल्या दोन शतकांचा इतिहास मुख्यतः त्या न कुजणाऱ्या मालाचा इतिहास आहे.

सन १५४२ मध्यें ओरेयाना नांवाचा स्पॅनिश सरदार या नदीनें प्रथमच मुखापर्यंत उतरला. त्याच्याबरोबर असलेल्या कार्वाखाल या धर्मोपदेशकानें त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेविली आहे. नदीकांठच्या गांवांत कुंपणें घालून कोंडलेलीं पुष्कळ कांसवें त्याला आढळलीं. तीं पाण्यांत जिवंत ठेवावयाचीं आणि लागतील तशीं मारून खावयाचीं, अशी ती व्यवस्था होती. मांस टिकविण्याचा याहून चांगला उपाय त्या हवेंत दुसरा कोणता असणार?

तीनशें वर्षांनीं हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गाभ्यासक याच नदीवर, पण खालच्या अंगास ब्राझीलच्या हद्दींत, अकरा वर्षें राहिला. सन १८४८ ते १८५९ हा तो काळ. एगा, म्हणजे आजचें तेफे, या गांवीं त्यानें कांसवांचीं अंडीं काढण्याचा वार्षिक सोहळा पाहिला. नदी उतरली म्हणजे हजारों कांसवें वाळूच्या बेटांवर अंडीं घालण्यास येतात. गांवची पंचायत प्रत्येक बेटावर एक अंमलदार नेमी. तो पहारेकरी ठेवी आणि कांसवांना त्रास होऊं नये म्हणून कोणास जवळ फिरकूं देत नसे. ज्यांना अंडीं हवीं असतील त्यांनीं आधीं नांव नोंदवावयाचें, पहाऱ्याच्या खर्चासाठीं अल्प रक्कम भरावयाची, आणि ठरल्या वेळीं सर्वांनीं एकदमच उकरण्यास लागावयाचें. कोणी आधीं गेला, कोणी चोरून गेला, असें चालत नसे. वाचतांना असें वाटतें कीं सामुदायिक व्यवस्थेचा याहून सुंदर नमुना मिळणार नाहीं.

परंतु त्या अंड्यांचें काय होत असे? खाण्यासाठीं थोडीं जात. बाकीचीं पायांनीं तुडवून, उन्हांत तापवून त्यांचें तेल काढीत. तें स्वयंपाकास आणि दिव्यांना चाले. तेल कुजत नाहीं. तें मडक्यांत भरून पुढें समुद्राकडे पाठवितां येतें. बेट्सनें हिशेब मांडला. वरच्या ॲमेझॉनवरून आणि मदेइरा नदीवरून वर्षाला सहा हजार मडकीं बाहेर जातात, दोन हजार तेथल्या तेथें खपतात, आणि एका मडक्यास सुमारें सहा हजार अंडीं लागतात. म्हणजे दरसाल ४ कोटी ८० लाख अंडीं. त्या पंचायतीच्या नियमांत माणसा-माणसांतील न्याय चोख होता. कांसवांसाठीं किती अंडीं राखावयाचीं, हा प्रश्न मात्र त्यांत नव्हता. हा भेद पुढेंहि आपल्याला उपयोगी पडणार आहे.

रबराचा काळ मी येथें चटकन ओलांडतों. सुमारें १८८० पासून १९१२ पर्यंत रबरानें इकितोस श्रीमंत केलें आणि पुतुमायो नदीवरच्या रानवासीयांचा जो छळ केला, त्याची चौकशी ब्रिटिश सरकारला रॉजर केसमेंट यास पाठवून करवावी लागली. हेन्री विकहॅम यानें १८७६ सालीं ॲमेझॉनवरून नेलेल्या बियांपासून सिलोन-मलायांत मळे उभे राहिले, त्यांचा माल बाजारांत आला, आणि इकितोसचें वैभव दोन-चार वर्षांत ओसरलें. आपल्या विषयाला लागतें तें एवढेंच, कीं रबर गेलें तरी रबराची व्यापारपद्धति राहिली. व्यापारी बोटीनें वर यावयाचा, मीठ, काडतुसें, कापड, रॉकेल उचल म्हणून द्यावयाचा, आणि परतीच्या फेरीस तिची फेड मालानें घ्यावयाचा. भाव दोन्ही बाजूंनीं त्याचाच. उचल घेतलेल्या माणसाची अवस्था काय होते, हें आपल्याकडील ऊसतोडणी करणाऱ्याला किंवा सावकाराच्या वहींत नांव असलेल्या कुळाला वेगळें सांगावें लागत नाहीं.

मग या वहींत रबराच्या जागीं कातडें आलें. विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेंतील शहरांत ठिपकेदार कातड्याचे झगे घालण्याची टूम होती. त्यासाठीं जॅग्वार आणि ऑसेलॉट हीं मार्जारकुळांतील जनावरें मारलीं गेलीं. मऊ लोकरीसाठीं मोठें पाणमांजर मारलें गेलें. हें पाणमांजर माणसाएवढें लांब, कुटुंबानें राहणारें, दिवसा वावरणारें, आणि बोट दिसली कीं पळून न जातां माना वर काढून ओरडत जवळ येणारें. त्याचें हें कुतूहल त्याला भोंवलें. सन १९४६ ते १९६६ या वीस वर्षांत पेरूच्या ॲमेझॉन प्रदेशांतून एकट्या पाणमांजराचीं वीस हजारांहून अधिक कातडीं बाहेर गेलीं. पेकारीच्या कातड्यांची गणना लाखांत आहे. त्या काळीं रानांत असा देखावा सर्रास दिसे, कीं कातडें सोलून नेलें आहे आणि मांस तसेंच टाकलें आहे. घरच्या चुलीसाठीं मारणारा माणूस असें कधीं करीत नाहीं. बंदूक तीच होती, धरणारा हातहि तोच होता; पण किती मारावयाचें हें आतां भूक ठरवीत नव्हती, वही ठरवीत होती.

सन १९७३ मध्यें पेरू सरकारनें अरण्यप्रदेशांत व्यापारासाठीं शिकार करण्यास बंदी घातली. त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथें वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयींचा करार झाला, व १९७५ पासून तो अंमलांत आला. आपल्याकडील वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. म्हणजे काळ एकच. परंतु पेरूच्या कायद्यानें एक वाट मोकळी ठेविली. पोटासाठीं केलेल्या शिकारीस त्यानें मनाई केली नाहीं, आणि खाण्यासाठीं मारलेल्या पेकारीचें कातडें विकण्यास मुभा राहिली. तीं कातडीं आजहि युरोपांत जातात व त्यांचे उंची हातमोजे होतात. शिकाऱ्याच्या हातीं त्यांतलें फार थोडें पडतें. कायद्यांतील ही फट धोक्याची आहे असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. पण ती बुजविली असती तर नदीकांठचें प्रत्येक घर एका दिवसांत गुन्हेगार ठरलें असतें.

बंदी आली म्हणून अरण्य निर्धास्त झालें काय? तसें झालें नाहीं. आतां मांसालाहि बाजार मिळाला. इकितोस वाढत होतें. बर्फ घेतलेल्या मच्छीमार बोटी आडनद्यांतून शिरून तळीं उपसूं लागल्या. लांकूडतोडीच्या टोळ्या महिनेच्या महिने रानांत राहून रानचेंच मांस खात आणि उरलेलें खारवून शहरांत आणीत. बर्फ आणि मीठ यांनीं हवेचा तो जुना नियमहि सैल केला. सन १९९२ मध्यें केंट रेडफर्ड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें ‘रिकामें अरण्य’ या अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध लिहिला. झाडें उभीं आहेत म्हणून अरण्य शाबूत आहे असें समजूं नका, असें त्याचें म्हणणें. मोठीं फळें गिळून त्यांच्या बिया दूर टाकणारीं वानरें आणि टॅपिर नाहींसे झाले, तर आजच्या झाडांना उद्यांचीं रोपें कोठून येणार?

हा निबंध लिहिला जाण्यापूर्वींच इकितोसच्या आग्नेयेस तावायो नदीवरच्या गांवकऱ्यांनीं आपल्यापुरतें उत्तर शोधण्यास आरंभ केला होता. हे लोक मिश्र वंशाचे, स्पॅनिश बोलणारे. कोणत्याहि रानवासी जमातीचे म्हणून त्यांना कसलेहि विशेष हक्क नव्हते. सन १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं शहरच्या बोटी आपल्या तळ्यांवर येऊं न देण्याचा निश्चय केला. ही नदी आमच्या मुलांच्या जेवणाची आहे, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. त्या खटाटोपांतून १९९१ सालीं लोरेतोच्या प्रांतिक सरकारनें ताम्शियाकू-तावायो नांवाचें सामुदायिक राखीव क्षेत्र निर्माण केलें. विस्तार ३,२२,५०० हेक्टर. पुढें २००९ मध्यें त्यास वरिष्ठ सरकारची मान्यता मिळाली आणि विस्तार चार लाख वीस हजार हेक्टरांपर्यंत गेला. नदीकांठीं राहण्याचा पट्टा, त्याच्या आंत शिकार व मासेमारीचा पट्टा, आणि त्याहून आंत कोणीहि कांहींहि न मारावयाचा गाभा, अशी त्याची रचना.

पण किती मारलें म्हणजे जास्त झालें, हें ठरवावयाचें कसें? दाट अरण्यांत जनावरें मोजणें हें पंडितांनाहि सोपें नाहीं. येथें रिचर्ड बॉडमर हे प्राणिशास्त्रज्ञ आणि त्यांचे पेरूवासी सहकारी यांनीं गांवकऱ्यांच्या मदतीनें जी रीत बसविली ती मला फार आवडते. शिकारी घरीं आला कीं जनावर खावें. फक्त कवटी टाकूं नये. दांतांची झीज पाहून जनावराचें वय सांगतां येतें. मादी असेल तर तिचा गर्भाशय तपासावयास द्यावा. त्यावरून पिलांचें प्रमाण कळतें. आणि कोठें मारलें, किती वेळ हिंडल्यावर मिळालें, हें टिपून ठेवावें. पूर्वीं एका दिवसांत मिळणारी पेकारी आतां तीन दिवसांनीं मिळूं लागली, तर त्यास गणिती सूत्राची गरज नाहीं. घरच्या बाईलाहि त्याचा अर्थ कळतो. बेट्सनें पाहिलेल्या पंचायतीजवळ जो प्रश्न नव्हता, तो या कवट्यांनीं विचारला.

उत्तर संमिश्र आलें. पेकारी, हरिण, पाका, अगूती यांची शिकार त्यांच्या वाढीला झेपण्याइतकी होती. टॅपिर आणि मोठीं वानरें यांची मात्र झेपण्यापलीकडे होती. कारण सरळ आहे. पेकारीची मादी पांच महिन्यांत बहुधा दोन पिलें देते. टॅपिरची मादी तेरा महिने गर्भ वागवून एकच पिलूं देते. लोकरी वानराची मादी एकदां व्याली कीं पुन्हा दोन-तीन वर्षें वीत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबिन्सन आणि रेडफर्ड यांनीं १९९१ मध्यें एक ढोबळ मर्यादा सुचविली होती: अल्पायुषी जातींत वर्षाच्या वाढीपैकीं शेंकडा ६०, मध्यम आयुष्याच्या जातींत ४०, आणि दीर्घायुषी जातींत अवघी २० पर्यंत शिकार चालेल. या मापानें पाहतां, केवळ पोटासाठीं मारणाऱ्या माणसाकडूनहि टॅपिरचा नाश होऊं शकतो. रानचा माणूस निसर्गाशीं उपजतच एकरूप असतो, तो कधीं अति करीत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें नीट लक्षांत घ्यावें. तो आपल्यासारखाच आहे. समोर वानर दिसलें आणि घरीं मुलें उपाशीं असलीं, तर तो वानराचीं विण्याचीं वर्षें मोजीत बसत नाहीं. म्हणूनच टॅपिर व वानरें सोडावीं आणि पेकारी-पाकावर भागवावें, हा ठराव गांवांना बसून, बोलून करावा लागला. असे ठराव मोडलेहि जातात. ज्यांनीं ग्रामसभा पाहिल्या आहेत त्यांना त्याचें नवल वाटणार नाहीं. पण ठराव मोडणारा शेजारी असतो, त्याचें नांव ठाऊक असतें, आणि त्याच्याशीं उद्यां पुन्हा बोलावयाचें असतें. इकितोसच्या बोटवाल्याशीं तसें नातें नसतें.

राखलेल्या गाभ्याचें महत्त्व पुढील अभ्यासांतून अधिकच स्पष्ट झालें. शिकारीच्या पट्ट्यांत जी तूट येते ती आंतल्या न दुखावलेल्या रानांतून येणारीं जनावरें भरून काढतात. आपल्या सह्याद्रींतील देवराया डोळ्यांपुढें आणाव्या; फरक एवढाच कीं देवराई देवाच्या धाकानें राखली जाते आणि बहुधा लहान असते, तर हा गाभा हिशेबानें राखलेला आणि विस्तीर्ण आहे. गाभा गेला, तर कवट्यांचीं टिपणें कितीहि चोख असलीं तरी पट्टा फार दिवस टिकणार नाहीं. याच क्षेत्राच्या मागें, ब्राझीलच्या सरहद्दीवर, यावारी नदी वाहते. तेथें कातड्यांच्या व्यापारांत जवळजवळ नामशेष झालेलीं मोठीं पाणमांजरें पुन्हा दिसूं लागल्याचें २०१० मध्यें प्रसिद्ध झालें. तीं आमचे मासे खातात, अशी तक्रार आतां कोळी करूं लागले आहेत. तक्रार करण्याइतकीं पाणमांजरें झालीं, ही बातमी मला तरी आनंदाची वाटते.

मारान्योन आणि उकायाली यांच्या बेचक्यांतील पाकाया-सामिरिया या प्रचंड राखीव प्रदेशाची कथा याच्या उलट सुरू होते. तेथें १९४० मध्यें सरकारनें पाइचे नांवाच्या महाकाय माशासाठीं राखीव क्षेत्र केलें. १९७२ मध्यें सर्वच प्रदेश राष्ट्रीय राखीव झाला, आणि १९८२ मध्यें त्याची सीमा वाढून तो वीस लाख हेक्टरांवर गेला. त्या पाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे कोकामा लोक एका कागदानें चोर ठरले. पहारेकऱ्यानें जाळें जप्त करावयाचें, आणि कोकामानें रात्रीं येऊन मिळेल तें, मिळेल तितकें न्यावयाचें. ज्याला उद्यां येतां येईल याची शाश्वती नाहीं तो आजच सर्व नेतो. सन १९९० नंतरच्या दशकांत धोरण बदललें. गांवोगांव गट झाले, त्यांना तळीं आणि किनारे नेमून दिले, आणि राखण त्यांच्याकडेच आली. तारिकाया जातीच्या कांसवांचीं अंडीं ते वाळवंटांतून काढून बांधीव वाळूच्या वाफ्यांत पुरतात, पिलें झालीं म्हणजे नदींत सोडतात, आणि ठरलेला हिस्सा परवान्यानें विकतात.

आणि मग नदीच बदलली. सन २००९ चा मोठा पूर, २०१० चें अवर्षण, २०१२ चा इकितोसनें कधीं न पाहिलेला पूर, आणि त्यापुढेंहि वर्षामागून वर्ष चढतें पाणी. पूर्वीं उघडे राहणारे उंचवटे बुडाले. त्यांवर गोळा होणारीं पेकारी, हरिणें, अगूती यांना जावयास जागा उरली नाहीं. बॉडमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें पाकाया-सामिरियांतील जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांची संख्या शेंकडा नव्वदाहून अधिक घटली. यांत कोणा शिकाऱ्याचा दोष नव्हता, कोणा व्यापाऱ्याचाहि प्रत्यक्ष दोष नव्हता. आणि कोणत्याहि ग्रामसभेचा ठराव त्या पाण्याला अडवूं शकला नसता. झाडांवरच्या वानरांना पुराची झळ लागली नाहीं, आणि माशांना तर बुडालेलें अरण्य म्हणजे चराईचें कुरणच. कोकामा लोकांनीं शिकार कमी केली आणि माशांवर भर दिला. ज्या महिन्यांत त्यांचे आजे उंचवट्यांवर पेकारीचा माग काढीत, त्या महिन्यांत ते होडींतून त्याच उंचवट्यांवर जाळीं टाकूं लागले.